उशिरा येणाऱ्यांचे अर्ज

॥ श्री ॥

जबलपूर, १९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप सौ. शरयूताईस,

धाकट्या हेमाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण गुडघ्यांनी यंदा असहकार पुकारल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं टेकली आहेत, तेवढी मानून घे. उरलेली दोन उन्हाळ्यात पाठवीन. तुझा रक्तदाब कसा आहे? भाऊरावभाऊजींची कंबर? (त्यांना म्हणावं, पट्टा कमरेला बांधायचा असतो, खुर्चीच्या पाठीला नव्हे. मागच्या खेपेला तो तिथेच लटकत होता.) नागपुरात थंडी पडली असेल. इथे तिलवाऱ्याच्या घाटाकडून सकाळी असा वारा येतो की आपले अण्णा मफलर, कानटोपी आणि वर माझी शाल घेऊन बसतात, आणि मी खिडकी लावली की म्हणतात, हवा येऊ दे थोडी.

फोन असताना पत्र काहून, असं तू म्हणशील. फोनवर आपलं कसं चालतं ते तुला ठाऊक आहे. तू बोलतेस, मी हूं म्हणते, पलीकडून अण्णा विचारतात, "काय म्हणून राहिली शरयू?" मग तू काय म्हणालीस ते मी ओरडून अण्णांना सांगते आणि मी काय म्हणणार होते ते राहून जातं. शिवाय अठ्ठावीस वर्षं फॅक्टरीच्या ऑफिसात काढल्यावर जे कागदावर नाही ते घडलंच नाही, अशी माझी बुद्धी झाली आहे. तेव्हा कागदावर आणते.

आफ्रिकेहून पत्र आलं आहे. टांझानियातल्या त्या प्राथमिक शाळेच्या हेडमास्तरांचं, जिथे मी जुलैत सहा महिन्यांसाठी स्वयंसेविका म्हणून गेले, आणि जिथून तिसऱ्याच महिन्यात, अण्णा स्टुलावरून पडले म्हणून, तू मला परत बोलावलंस. (बोलावलंस ते बरोबरच केलंस. हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं, आता राहू दे.) त्यांना मी जानेवारीपासून पुढचं अख्खं शालेय वर्ष हवी आहे. मी नाही म्हणते आहे. अण्णांना एकटं टाकून मी कुठेही जाणार नाही, तेव्हा तू काळजी करू नकोस. पुढचं सगळं केवळ माहितीस्तव.

तू तेव्हाच विचारलं होतंस, पोरंच शिकवायची तर आपल्या पाटनला काय पोरं कमी पडली? महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनीही हेच विचारलं, फक्त जरा गोड आवाजात. आता सांगते. व्हीआरएस घेतल्या घेतल्या मी आधी पाटनच्या बाजूच्या एका शाळेतच गेले होते. दोन शनिवार गेले. पहिल्या शनिवारी मास्तरांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि आपल्या मेहुण्याचा फॅक्टरीतला अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय ते विचारलं. दुसऱ्या शनिवारी मेहुणाच येऊन बसला होता. पोरं मला काही दिसली नाहीत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की जबलपूरच्या पन्नास किलोमीटरच्या आत मी मरेपर्यंत फॅक्टरीतली बडी बाबूच राहणार. मग एका संस्थेमार्फत, जिथल्या कुणाचाही मेहुणा आमच्या फॅक्टरीत नाही, असा देश शोधला.

प्रवासाचं वर्णन करत नाही. विमानातून उतरल्यावर दहा तास बस, त्यापुढे दोन तास दुसरी बस, आणि त्या दुसऱ्या बसमध्ये माझ्या मांडीवर एका बाईने विश्वासाने कोंबडी ठेवली, एवढं पुरे. गाव डोंगरावर, चहाच्या मळ्यांच्या कडेला, माती आपल्या विटेच्या रंगाची. जुलैत तिकडे कडाक्याची थंडी. (आफ्रिकेत ऊन असतं म्हणून तू बॅगेत सुती साड्या भरून पाठवलंस. मी दोन महिने चार साड्या एकावर एक नेसून काढले.)

पहिल्या दिवशी मी तिसरीच्या वर्गात शिरले आणि चौऱ्याण्णव पोरं एकदम उभी राहून म्हणाली, शिकामू. चौऱ्याण्णव ही लिहिण्यातली चूक नाही. एकच वर्ग, बाकावर चार-चार, उरलेली खिडकीत. शिकामू म्हणजे मोठ्या माणसाला पाया पडतो म्हणायची तिकडची रीत. आता आपल्याकडे कुणी पाया पडायला वाकलं की आपण काय करतो? पाय मागे घेतो आणि म्हणतो, अगं असू दे, असू दे. मी तेच केलं. हात हलवला, मान हलवली, दोन पावलं मागे सरकले, असू दे, असू दे. पोरं उभीच. मला वाटलं, काय शिस्त आहे. मी आणखी नम्र झाले. पोरं आणखी ताठ झाली. असं दहा मिनिटं चाललं. शेवटी हेडमास्तर खिडकीतून डोकावले आणि हलक्या आवाजात म्हणाले की मोठ्या माणसाने मराहाबा म्हणून नमस्कार घेतल्याशिवाय मुलांना बसता येत नाही, तर बाई तो घेत का नाहीत, मुलांचं काही चुकलं का? ताई, नमस्कार नाकारला की आपण नम्र ठरतो, हे आपल्याला कुणी शिकवलं कोण जाणे. मी मराहाबा म्हटलं आणि चौऱ्याण्णव पोरं धपकन बसली. काही जमिनीवर बसली, कारण खिडकीतल्या पोरांनी तेवढ्यात बाक पटकावले होते.

हेडमास्तरांचं आडनाव सांगा. खरंच, तिकडे असतं. "सांगा सर" म्हटलं की मी त्यांना हाक मारतेय की काही विचारतेय, हे माझं मलाच कळत नसे. पन्नाशीचा, उंच, संथ माणूस. वाक्य सुरू केलं की मध्ये आपण चहा पिऊन यावं, तरी ते संपलेलं नसे. पण एकदा बोलले की ते कायम. असा साहेब मला अठ्ठावीस वर्षांत मिळाला नाही.

आणखी एक फजिती सांगते, मग मुद्द्यावर येते. मी इथून जाताना तीन बाटल्या खोबरेल आणि सदरच्या बाजारातून एकावन्न रिबिनी नेल्या होत्या. पोरी म्हटलं की तेल-वेणी आलीच, त्यातून माया उपजेल, असा माझा अंदाज. गेले तर सगळ्या पोरींची डोकी पोरांसारखीच चकचकीत तासलेली. शाळेचा नियमच तसा. खोबरेल मी गुडघ्यांना लावलं. रिबिनी पोरींनी आपापल्या झाडूला बांधल्या (तिकडे प्रत्येक पोर घरून झाडू आणतं आणि सकाळी शाळा झाडतं), आणि त्यामुळे झाडू कुणाचा यावरून रोज होणारी मारामारी थांबली. माझ्या शैक्षणिक कार्यातलं पहिलं यश ते हे.

आता मुद्दा. मी जाताना बरोबर माझा शिक्का नेला होता. तोच, लाकडी मुठीचा, आमच्या आवक टेबलावरचा, ज्यावर "प्राप्त" आणि खाली फिरवायची तारीख आहे. ऑफिसात नवीन आल्यावर हा जुना निकामी म्हणून निघाला, तेव्हा मी रीतसर लेखी परवानगी घेऊन घरी आणला होता. तू हसलीस तेव्हा. म्हणालीस, लोक देवाचा टाक नेतात प्रवासाला, हिने शिक्का नेला. हो, नेला. वीस माणसांच्या घोळक्यात मला काय करावं ते सुचत नाही, पण हातात शिक्का असला की मी कुणाच्या बापाला भीत नाही.

त्या शाळेत उशिरा येणाऱ्या पोरांना विहिरीवरून बादल्या भरून बागेला पाणी घालावं लागे. मला ते बघवेना. लहान लहान पोरं, बादली त्यांच्याहून मोठी. मी सांगा सरांना म्हटलं, त्यापेक्षा जो उशिरा येईल त्याने उशिराचं कारण लेखी द्यावं. दोन ओळींचा अर्ज, सविनय, खाली नाव. तेवढंच लिहिण्याचं वळण लागेल. सरांनी दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले.

पहिला अर्ज एका पोराने दिला. आमच्या घरात बूट एक जोड आहे, आज भाऊ आधी उठला, असा. मी वाचला, वर शिक्का मारला, ठप्प. तारीख टाकली. आणि मग ताई, हात थांबला. अठ्ठावीस वर्षं मी अर्ज घेतले. रजेचे, बदलीचे, क्वार्टरचे, बापाच्या जागी पोराला लावून घ्या म्हणणाऱ्या विधवांचे. प्रत्येकावर मी एकच शब्द लिहिला, सादर. म्हणजे वर पाठवला. वरच्याने आणखी वर पाठवला. पुढे त्या बाईचं काय झालं ते मला कधी कळलं नाही, कारण उत्तर दुसऱ्या टेबलावरून जायचं. आणि इथे त्या पोराच्या अर्जाच्या वर कुणीच नव्हतं. मीच होते. मी लिहिलं, मंजूर. लिहिताना स्पेलिंग चुकेल की काय अशी भीती वाटली, इतकी सवय नव्हती. (मराठीतच लिहिलं. पोराला वाचता येणार नव्हतं, पण चेहरा त्याला वाचता आला असावा, कारण तो उड्या मारत गेला.)

त्या "प्राप्त"ने घात केला. देवनागरी त्यांनी कधी पाहिलेली नाही. वरची रेघ आणि तिला लोंबणारी अक्षरं पाहून पोरांनी ठरवलं की बाईंच्या शिक्क्यात दोरीवर कपडे वाळत घातलेले आहेत. प्रत्येकाला ते कपडे आपल्या कागदावर हवे झाले. दुसऱ्या दिवशी अकरा जण उशिरा. आठवड्याने चाळीस. रस्त्यात गाय व्यायली, थांबावं लागलं, अर्ध्या दिवसाची रजा गायीच्या नावे मांडावी. आजीने गोष्ट मध्येच थांबवली नाही. मी लवकर निघालो होतो पण मित्र उशिरा निघणार होता. एकाने तर आगाऊ अर्ज दिला की मी पुढच्या मंगळवारी उशिरा येणार आहे, कारण नंतर कळवीन. (असा माणूस आमच्या ऑफिसात असता तर कुठल्या कुठे गेला असता.) मी स्वाहिलीचा शब्दकोश घेऊन बसायची आणि सगळे निकाली काढायची. मला वाटत होतं, लिहायला लागली पोरं, काय माझी युक्ती.

एका सकाळी सांगा सरांनी मला बोलावून फाटकाबाहेर नेलं. घंटा व्हायला पाच मिनिटं होती. रांगेत तिसरीची सात पोरं. आणि रस्त्यापलीकडे निलगिरीच्या झाडांमागे, एकेका बुंध्याआड तीन-तीन, आणखी शहाऐंशी, झाडूसकट, दम धरून, घंटा कधी होते याची वाट बघत उभी. झाडांना रिबिनी फुटल्यासारख्या दिसत होत्या. सरांनी बोटाने एकेक झाड मोजलं. मग म्हणाले, "हेमा टीचर, मी या शाळेत एकोणीस वर्षं आहे. मुलं वेळेवर यावी म्हणून मी सगळे उपाय केले. पण उशीर व्हावा म्हणून मुलांनी पहाटे उठून धावत यावं, हे मी पहिल्यांदाच पाहतो."

मी तिथल्या तिथे सुधारित आदेश काढला. यापुढे अर्ज फक्त वेळेवर येणाऱ्यांचा घेतला जाईल, विषय कुठलाही चालेल. उशिरा येणाऱ्यांना पूर्वीसारखी बादली. दुसऱ्या दिवशी चौऱ्याण्णवापैकी त्र्याण्णव हजर. बहीण मिळावी म्हणून अर्ज, आहे ती बहीण बदलून मिळावी म्हणून अर्ज. मी खूष. ऑफिसात एका आदेशाने एवढा बदल झालेला मी कधी पाहिला नव्हता.

चौऱ्याण्णवावी म्हणजे रेहेमा. नऊ वर्षांची, बारीक, बोलत नाही. ती चहाच्या मळ्यापलीकडून येते. त्या सगळ्या गोंधळात एकटी तीच खरोखर उशिरा येत होती, रोज. आणि तिने एकही अर्ज दिला नव्हता, कारण तिला लिहिता येत नव्हतं. आधीच्या नियमात ती दाराशी उभी राहून दुसऱ्यांचे शिक्के बघायची. सुधारित आदेश निघाल्यावर ती आली, कुणी काही सांगायच्या आत बादली उचलली आणि विहिरीकडे गेली. मी आठ दिवस हे बघितलं, ताई. बघितलं म्हणजे डोळ्यांसमोर होतं. नवव्या दिवशी डोक्यात शिरलं. बादली बंद व्हावी म्हणून मी नियम आणला, माझाच नियम सावरायला दुसरा आणला, आणि शेवटी त्या अख्ख्या शाळेत बादली एकाच पोरीच्या हातात राहिली. हे मी आयुष्यभर करत आले असेन, फक्त बादली उचलणारा मला टेबलावरून दिसत नव्हता.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी चालत गेले. एक तास दहा मिनिटं. माझ्या गुडघ्यांनी दीड केला. ती पुढे चालायची, थांबायची, मी पोचले की पुन्हा चालायची, जणू मी तिची शेळी. मग रोजच जायला लागले. रस्त्यात काटकीने तांबड्या मातीत एक अक्षर काढायचं, ती त्यावरून बोट फिरवायची, पुढे चालायचं. परतताना मी आमची अक्षरं तुडवत यायची. तिच्या नावाची त्यांच्या रोमन लिपीत सहा अक्षरं; चार झाली होती, दोन उरली होती, आणि तुझा फोन आला.

निघायच्या दिवशी रेहेमा घंटेआधी शाळेत होती. कोंबड्याच्याही आधी निघाली असली पाहिजे. तिने माझ्या टेबलावर एक कागद ठेवला, बाकीची पोरं घालतात तशी बरोब्बर चौघडी घातलेला. मी उघडला. कोरा. नाव नाही, विषय नाही, काही नाही. तिने शिक्क्याकडे बोट दाखवलं. तुला ठाऊक आहे, सही राहिली म्हणून मी मोठमोठ्या साहेबांचे अर्ज परत केले आहेत. अपूर्ण कागद माझ्या टेबलावरून पुढे गेला नाही. मी त्या कोऱ्या कागदावर शिक्का मारला. तारीख टाकली. तो माझ्याकडेच राहिला, कपाटात आहे, साड्यांच्या खाली. एकदा प्राप्त झाला की त्याचं उत्तर देणं लागतं, एवढंच मला त्रास देऊन राहिलंय. बाकी काही नाही.

सांगा सरांचं पत्र टाइप केलेलं आहे. जावक क्रमांक, विषय, संदर्भ, सगळं (हे माझ्याकडून उचललं, आधी ते वहीचा कागद फाडून लिहायचे). उत्तर लेखीच हवं, तेही महिन्याच्या आत, कारण जानेवारीत शाळा भरते आणि मी येणार नसेन तर तिसरी-चौथी एकत्र बसवावी लागेल. म्हणजे पावणेदोनशे पोरं एका खोलीत. खाली पेनाने लिहिलं आहे की रेहेमा आता रोज वेळेवर येते आणि रोज विचारते, माझ्या कागदाचं काय झालं. बोलायला लागली म्हणजे पोरगी. मला तेवढं कळलं, बरं वाटलं, विषय संपला.

मी उत्तर लिहून ठेवलं आहे. घरगुती अडचणीमुळे येणे शक्य नाही, क्षमस्व. चार ओळी आहेत. लिहायला दोन दिवस लागले, पण ते इंग्रजीमुळे.

कारण अण्णांचं तू बघतेसच. प्लास्टर निघून महिना झाला, डॉक्टर म्हणाले हाड नव्यासारखं जुळलंय, पण वय एक्क्याऐंशी. परवा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. रोज दुपारी तीन-साडेतीनला चहा सांडतात, अगदी न चुकता, आणि टेबलक्लॉथ बदलेपर्यंत मला हाका मारतात. काठी घेत नाहीत. काल अंजनी (आपली पोळ्यावाली, ती आता दिवसभर असते) तक्रार घेऊन आली, "दीदी, बाबूजी फिर बिना छड़ी के सदर हो आए. ऑटोवाले से अट्ठाईस मिनट बहस भी की." मी रागावले तर म्हणतात, "तू काहून माझ्यामागे फिरून राहिली दिवसभर? मी काय फाइल आहे का?" आता सांग, अशा माणसाला कसं सोडायचं?

तेव्हा ठरलं आहे. हे पत्र आणि सरांना लिहिलेलं उत्तर, दोन्ही उद्या अण्णाच पोस्टात टाकणार आहेत. मला टाकू दे म्हणून हट्ट धरून बसलेत, तेवढाच त्यांना फेरफटका. अंजनी बरोबर जाईल. तुझ्या लिफाफ्याचा डिंक वाळला आहे, पोस्टातल्या डिंकाने चिकटवा असं सांगितलंय.

भाऊजींना नमस्कार, घरातल्या लहानांना गालगुच्चे, आणि तुला जे काही उरलं असेल ते सगळं.

तुझी,
हेमा

ता. क. एक सहज विचारते. तुमच्याकडची ती खालची खोली, जिच्यात नातवाच्या सायकली आणि भाऊजींचा जुना कूलर आहे, ती रिकामी होण्यासारखी आहे का? पाण्याची सोय लागूनच आहे, पायऱ्या नाहीत, ऊन येतं, असं आपलं मला आठवतं. अकरा महिन्यांचा प्रश्न. जानेवारी ते नोव्हेंबर. अण्णा तसे काही त्रास देत नाहीत. चष्मा आणि चहा सोडला तर स्वतःचं सगळं स्वतः करतात. अंजनीही दोन-तीन महिने यायला तयार आहे, तिची बहीण नागपुरातच असते. मी विचारलं नाही, तीच म्हणाली. म्हणजे मी विचारलं, मग ती म्हणाली.

ता. क. २. वरची ता. क. रद्द समजावी. कागद फाडून पुन्हा लिहिणार होते, पण नऊ पानं कोण लिहिणार. अण्णा जबलपूर सोडून कुठे राहिलेत कधी? आई गेल्यावर तू नागपूरला नेलं होतंस तेव्हा चौथ्या दिवशी स्टेशनवर जाऊन बसले होते. त्यांना मी हे विचारणारही नाही, आणि तूही विचारू नकोस. विचारलं तर ते हो म्हणतील, माझ्यासाठी, आणि मग तिकडे बसून माझी वाट बघतील. एकाने वाट बघायची आणि दुसऱ्याने शिकवायचं, असं नको. सरांना 'नाही' असंच लिहिलं आहे. झालं.

ता. क. ३. चि. शरयू, अनेक आशीर्वाद. मी अण्णा. पोस्टात उभा राहून लिहून राहिलो. इथल्या पेनाला दोरी बांधली आहे आणि ती आखूड आहे, तेव्हा थोडक्यात.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे तुम्हा दोघींना मीच शिकवलं. बरोबरच आहे ते. पण लिफाफा उघडा होता आणि पोस्टात रांग फार होती. वाचलं.

हेमा मला सांभाळायला थांबली असं लिहिते. गेले दोन महिने मी तिला सांभाळून राहिलो. रोज दुपारी जेवण झालं की ती कपाट उघडते, एक कागद काढते, उघडते, घडी घालते, परत ठेवते. मग तशीच बसून राहते. मला ते बघवत नाही, म्हणून चहा सांडतो. कापड बदलता बदलता मला चार गोष्टी सुनावते, तेवढी संध्याकाळपर्यंत बरी असते. चष्मा मात्र खरंच हरवला होता.

स्टेशनवर जाऊन बसलो होतो ते खरं. तेव्हा तुमची आई नुकतीच गेली होती, घर बोलवत होतं. आताची गोष्ट निराळी. वाट बघायला मला काही होत नाही. तुमची आई फॅक्टरीच्या फाटकाशी माझी रोज वाट बघायची, तिला कधी काही झालं नाही. उलट ज्याची कुणी वाट बघत नाही त्याची पंचाईत. दोन ठिकाणी वाट बघतील तिची, तर बघू दे.

भाऊरावांना सांग, कूलरचा मला त्रास नाही, राहू दे. सायकली काढ. काठी घेऊन येईन.

तिच्या हेडमास्तरांचा लिफाफा मी टाकत नाही. अंजनीला सांगून ठेवलं आहे, घरी विचारलं तर म्हणायचं, दोन्ही टाकली. तू फोन कर आणि तिला सरळ सांग की अण्णांना नेतो, मग मी तो तिच्या हातात देईन, फाडायचा तर तिने फाडावा. तो माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. कोट शुक्रवारी धुवायला जातो, तेव्हा फोन त्याआधी कर.

अण्णा